गिटारच्या प्रोसेसरवरचा ‘टेम्पो’: ताल, लय की ठेका?

प्रश्न एका गिटार शिक्षकांचा आहे. क्लासमधल्या मुलांसाठी डिजिटल इफेक्ट प्रोसेसर, म्हणजे गिटारच्या आवाजावर प्रतिध्वनीसारखे परिणाम चढवणारं यंत्र, कसा वापरायचा याची मराठी टिपणं ते काढताहेत. पडद्यावर टेम्पो, बीपीएम, टॅप, सिंक असे शब्द येतात. टेम्पोसाठी त्यांनी ‘ताल’ लिहिलं. तबला शिकलेल्या एका पालकांनी ते खोडून ‘लय’ केलं, आणि ऑर्केस्ट्रात वाजवणारे एक मित्र म्हणाले की आम्ही तर ‘ठेका’च म्हणतो. यातलं बरोबर काय, आणि ‘टॅप टेम्पो’ नि ‘टेम्पो सिंक’ मराठीत कसं सांगायचं, असं त्यांनी विचारलंय.

पालकांचं बरोबर आहे. शब्द ‘लय’च. इथे ‘ताल’ लिहिलं तर मुलांना यंत्राकडून भलतीच अपेक्षा निर्माण होईल.

ताल म्हणजे ठोक्यांची रचना. मात्रा किती, विभाग कसे, टाळी कुठे, ‘खाली’ (टाळी न वाजवायची जागा) कुठे, सम (पहिली मात्रा) कुठे, हे सगळं तालात येतं. त्रिताल १६ मात्रांचा, झपताल १० मात्रांचा. तोच त्रिताल विलंबितात, म्हणजे संथ, वाजतो आणि द्रुतात, म्हणजे जलदही वाजतो. ताल बदलत नाही, लय बदलते. प्रोसेसरच्या पडद्यावर १२० आकडा दिसतो तेव्हा गाणं केरव्यात आहे की दादऱ्यात, याचा त्या यंत्राला पत्ता नसतो. ठेका म्हणजे तबल्याच्या बोलांनी त्या तालाला दिलेलं ठरीव रूप. ‘ठेका जरा वाढव’ असं ऑर्केस्ट्रात म्हणतात तेव्हा त्यांना ठेक्याची लय वाढवायची असते, आणि समोरच्याला ते बरोबर कळतं. बोलण्यात ठीक आहे. लिहिताना मात्र मुलांसमोर दोन गोष्टींची सरमिसळ नको.

‘गती’ही सुचेल, पण ती टाळावी. कर्नाटक संगीतात गती हा एका ठोक्याचे किती भाग करायचे यासाठीचा पारिभाषिक शब्द आहे, आणि प्रोसेसरमध्ये नेमकी तीही सोय वेगळी असते. ‘वेग’ चालेल, पण मग संगीताचा संदर्भच गळून पडतो.

मूळ ‘टेम्पो’ इटालियन, अर्थ काळ किंवा वेळ. लॅटिन ‘टेम्पुस’वरून आलेला. आपल्याकडे हा शब्द घराघरांत पोचला तो मात्र जर्मनीमार्गे. हॅम्बुर्गच्या ‘टेम्पो’ नावाच्या तीनचाकी गाड्या १९५८ पासून फिरोदियांच्या बजाज टेम्पोने इथे बनवायला घेतल्या आणि सामान वाहणारी छोटी गाडी म्हणजे टेम्पो हे मराठीत कायमचं ठरून गेलं. कंपनीने २००५ मध्ये नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, तरी घर बदलताना आपण टेम्पोच सांगतो. वादकांच्या तोंडी ‘टेम्पो किती?’ ‘एकशे दहा’ हे इतकं रुळलंय की ते काढायचं कारण नाही. पडद्यावर जे छापलंय ते ‘टेम्पो’, आणि कानाला जे जाणवतं, पायात जे येतं ती ‘लय’. टिपणांत दोन्ही राहू द्या.

आता ‘लय’ हाच शब्द मला इतका चपखल का वाटतो ते सांगतो. तेराव्या शतकात देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात लयीची व्याख्या अशी: ‘क्रियानन्तरविश्रान्तिर्लयः’. एका क्रियेनंतर, म्हणजे टाळी किंवा आघातानंतर, पुढची क्रिया होईपर्यंतची विश्रांती ती लय. पुढे तो द्रुत, मध्य, विलंबित हे तीन प्रकार देतो आणि सांगतो की द्रुताच्या दुप्पट विश्रांती मध्यात, मध्याच्या दुप्पट विलंबितात. शार्ङ्गदेव इथे मिनिटाला किती ठोके ते मोजत नाही. तो दोन ठोक्यांमधलं अंतर मोजतो.

प्रोसेसरही आतून हेच करतो. पडद्यावर बीपीएम दाखवतो खरा, म्हणजे मिनिटाला किती ठोके, पण डिलेला, म्हणजे वाजवलेला स्वर थोड्या वेळाने परत ऐकवणाऱ्या इफेक्टला, लागतं ते अंतर. ६०,००० मिलिसेकंदांना ठोक्यांनी भागलं की ते मिळतं. १२० ला ५००, १०० ला ६००, ९० ला सुमारे ६६७. सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने घेणारं यंत्र असेल तर १२० च्या लयीत एक ठोकाभर थांबायचं म्हणजे २४,००० नमुने साठवून ठेवायचे आणि मग सोडायचे.

टिपणांत एक गोंधळ हमखास होईल, तो आधीच निस्तरून ठेवा. आपण ‘लय वाढव’ म्हणतो तेव्हा ठोके जवळ येतात, अंतर घटतं. म्हणजे टेम्पोचा आकडा वर नेला की डिलेचा मिलिसेकंदांचा आकडा खाली येतो. ‘डिले वाढव’ या वाक्याने तर कुणाला अंतर वाढवावंसं वाटेल, कुणाला प्रतिध्वनीचा आवाज. म्हणून बीपीएमच्या बाबतीत ‘लय वाढवा, कमी करा’ आणि मिलिसेकंदांच्या बाबतीत ‘अंतर वाढवा, कमी करा’ असं काटेकोरपणे लिहा.

बीपीएमला ‘मिनिटाला ठोके’. डॉक्टर नाडीसाठी हेच म्हणतात, त्यामुळे पोरांना समजावत बसावं लागणार नाही. ‘मात्रा’ मी मुद्दाम घेत नाही. केरवा आठ मात्रांचा, पण गिटारवाला त्याच जागेत बहुधा चारच मोजतो. त्याचा एक ठोका म्हणजे तबलजीच्या दोन मात्रा. त्याच गाण्याची लय एक जण १०० सांगेल, दुसरा २००, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतील. ‘ठोका म्हणजे गाणं ऐकताना पाय जिथे पडतो ती जागा’ असं पहिल्याच पानावर ठरवून टाका. विलंबित ख्यालाबरोबर प्रोसेसर वापरून पाहणाऱ्यांना तर हे फारच जपावं लागतं. बऱ्याच यंत्रांचा आकडा ४० च्या खाली जातच नाही, तेव्हा दुप्पट किंवा चौपट लय भरून काम भागवावं लागतं.

आता ज्या ठिकाणी मराठी खरोखर इंग्रजीपेक्षा सोपी पडते, ती जागा. डिले लयीला जोडला की मिलिसेकंदांऐवजी पडद्यावर पाश्चात्त्य स्वरलेखनाची चिन्हं येतात: क्वार्टर, एट्थ, डॉटेड एट्थ, सिक्स्टीन्थ, ट्रिपलेट. शब्दशः भाषांतर केलं तर क्वार्टर म्हणजे ‘पाव’ होईल, आणि मोठी चूक होईल. तिथला पाव हा पूर्ण स्वराचा पाव असतो; आपल्या पायाच्या हिशेबात तो अख्खा एक ठोका. म्हणून क्वार्टर म्हणजे एक ठोका, एट्थ म्हणजे अर्धा, सिक्स्टीन्थ म्हणजे पाव. आणि ज्या ‘डॉटेड एट्थ’ने मुलं हमखास गोंधळतात, तो म्हणजे सरळ पाऊण ठोका. आठव्या भागाला टिंब, टिंब म्हणजे त्याच्या निम्मं आणखी, म्हणजे तीन सोळांश, हा सगळा द्राविडी प्राणायाम ‘पाऊण’ या एका शब्दाने वाचतो. डॉटेड क्वार्टर म्हणजे दीड. पाव, अर्धा, पाऊण, दीड ही नावं किराणा मालाच्या दुकानात जाणाऱ्या प्रत्येक मुलाला पाठ असतात.

१२० च्या लयीत हे असं बसतं: एक ठोका ५०० मिलिसेकंद, पाऊण ३७५, अर्धा २५०, पाव १२५. पाऊण ठोक्याचा डिले इतका लाडका का, तेही मुलांना वाजवून दाखवा. अर्ध्या-अर्ध्या ठोक्यावर सरळ स्वर वाजवत गेलं की प्रत्येक स्वराची पडछाया पुढच्या दोन स्वरांच्या बरोबर मधल्या जागेत पडते. हात एका ठोक्यात दोनच वाजवतो, ऐकू मात्र चार येतात.

इथे दोन सापळे आहेत. ‘पाऊण ठोक्यावर’ आणि ‘पाऊणपट लय’ हे एक नव्हे. १२० ची पाऊणपट लय म्हणजे ९०, ती संथ झाली. पाऊण ठोक्याने परत येणारा आवाज मात्र मिनिटाला १६० वेळा येतो. अंतर पाऊण केलं की वारंवारता वाढते, म्हणून कायम ‘पाऊण ठोक्यावर’ असंच लिहा, ‘पट’ लावू नका. दुसरा सापळा ट्रिपलेटचा. तीन पाहून कुणीतरी ‘तिहाई’ लिहून जातं. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं. ट्रिपलेट म्हणजे एका ठोक्यात सारख्या अंतराने तीन, म्हणजे आपली तिगुन. अर्ध्याला दुगुन आणि पावाला चौगुन म्हटलंत तरी हरकत नाही, तबल्याच्या मुलांना ते जवळचं वाटेल.

‘टॅप टेम्पो’कडे येतो. मैफलीत गायक बंदिशीची पहिली ओळ धरतो किंवा हाताने दाखवतो, तबलजी ती उचलतो. याला लय देणं आणि लय घेणं म्हणतात. प्रोसेसरच्या बटणावर पाय मारून आपण हेच करतो, म्हणून ‘पायाने लय देणे’. एक टॅप म्हणजे नुसता आघात. दुसरा पडल्यावर पहिलं अंतर तयार होतं, तेव्हा कुठे यंत्राला लय कळते. शार्ङ्गदेवाची विश्रांती ती हीच. बरीच यंत्रं शेवटच्या काही टॅपची सरासरी काढतात, त्यामुळे चार-पाच टॅप द्यावेत. दोनच टॅप दिले आणि दुसरा दहा मिलिसेकंदांनी जरी उशिरा पडला तरी ५०० चे ५१० होतात आणि १२० ची लय सुमारे ११७.६ वर उतरते. सोळा ठोक्यांनंतर तुम्ही ड्रमरच्या १६० मिलिसेकंद मागे असाल, आणि तेवढं कुणालाही ऐकू येतं. बॅकिंग ट्रॅकबरोबर, म्हणजे आधी ध्वनिमुद्रित केलेल्या साथीबरोबर, वाजवायचं असेल तर पायावर विसंबू नका, आकडा भरा.

राहिला ‘सिंक’. फोन-संगणकाच्या मराठी पडद्यांवर ‘समक्रमित करा’ असतं, पण रियाजाच्या खोलीत हे कुणी म्हणणार नाही. शिवाय संगीताच्या मजकुरात ‘सम’ दिसली की मन वेगळ्याच समेकडे जातं, आणि यंत्रांची जुळणी बहुतेक वेळा समेपर्यंत पोचतच नाही. ताल आणि लय यांतला फरक पाळा म्हणून मी आग्रह धरतोय तो याचमुळे.

ड्रम मशीन आणि प्रोसेसर एकमेकांना मिडीने जोडले की ड्रम मशीन लय देतं, प्रोसेसर घेतो. मिडी हे वाद्ययंत्रांनी एकमेकांना संकेत पाठवायचं, १९८३ पासूनचं तंत्र. त्याच्या घड्याळातून ‘११० बीपीएम’ असा निरोप जातच नाही. एका ठोक्याला २४ या हिशेबाने नुसते टिकटिक संकेत जातात, आणि घेणारं यंत्र त्यांच्यातलं अंतर मोजून लय ठरवतं. १०० च्या लयीत दर २५ मिलिसेकंदांनी एक. त्या टिकटिकीतली एकही दुसरीपेक्षा वेगळी नसते. सम कुठली, खाली कुठली, काही कळत नाही. ‘सुरू’ असा वेगळा संकेत असतो, तो पाठवला आणि घेणाऱ्याने मानला तरच सुरुवातीची जागा समजते. ट्रेमोलो, म्हणजे आवाज सतत लहान-मोठा करत राहणारा इफेक्ट, लावून पाहिलात की हे लगेच ध्यानात येईल. आवाजाची वर-खाली बरोबर ठोक्याच्या लयीत होते, पण उंची नेमकी ठोक्यावर येईलच असं नाही. कधी ती दोन ठोक्यांच्या मधे पडते आणि सगळं उलटं वाटायला लागतं. मुलगा म्हणतो, ‘सर, सिंक केलंय तरी बसत नाही.’ त्याला सांगायचं, लय जुळलीय, जागा जुळलेली नाही. ‘ताल’ शब्द वापरलेला असता तर हे वाक्य करताच आलं नसतं.

म्हणून दोन यंत्रांच्या बाबतीत ‘लय जुळवणे’, आणि एखादा इफेक्ट टेम्पोच्या ताब्यात देणं म्हणजे ‘लयीला बांधणे’. नुसतं ‘जुळवणे’ लिहू नका, कारण तानपुराही जुळवतात आणि गिटारच्या तारांसाठी ट्यूनर त्याच यंत्रात असतो, पुष्कळदा त्याच टॅपच्या बटणावर. प्रोसेसरमध्ये ड्रमचे तयार पॅटर्न असतील तर तिथे मात्र चार-चार (४/४), तीन-चार (३/४) अशी ठोक्यांच्या रचनेची निवड असते. तेवढ्या पानावर ‘ताल’ जरूर लिहा, तिथे तो शोभतो.

‘लय’ स्त्रीलिंगी: लयीत, लयीला, लयीची. ‘लय भारी’तला ‘लय’ म्हणजे खूप. लिहिताना तो ‘लई’ केलात तर ‘लय जास्त आहे’ अशा वाक्यात घोटाळा होणार नाही.

टिपणातला एक परिच्छेद असा करता येईल: ‘टेम्पोच्या पानावर जाऊन लय कोणाची घ्यायची ते ठरवा, यंत्राची स्वतःची की बाहेरच्या ड्रम मशीनची. स्वतःची असेल तर मिनिटाला किती ठोके ते भरा, किंवा टॅप बटणावर पायाने चार ठोके मारून लय द्या. बटणाचा दिवा त्याच लयीत लुकलुकू लागेल. मग डिले लयीला बांधा आणि पाऊण ठोक्यावर ठेवा. ही लय फक्त याच पॅचची (साठवून ठेवलेल्या आवाजाची) की सगळ्या पॅचना एकच, हे सेटिंगमध्ये पाहून घ्या. नाहीतर पॅच बदलताच ती बदलेल.’ पॅच, डिले, टॅप हे शब्द यंत्रावर तसेच छापलेले असतात, म्हणून त्यांना मी हात लावलेला नाही.