एसएफ-८६ भरताना जुनी ताकीद लपवू नका

टाइमशीटवरून मागच्या नोकरीत लेखी ताकीद मिळाली, म्हणून अमेरिकेतला सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे सरकारची गोपनीय माहिती हाताळायची परवानगी, हातचा गेला असं आत्ताच धरून बसू नका.

एसएफ-८६ हा त्यासाठी भरायचा फॉर्म. क्लिअरन्स द्यायचा की नाही हे ठरवायचे निकष १३ आहेत. तुमचं प्रकरण बहुधा ‘गाइडलाइन ई’मध्ये, म्हणजे वैयक्तिक वर्तनात येईल. तिथे पाहतात ते एवढंच, की या माणसावर भरवसा ठेवता येईल का. एकदाच घडलेली, जुनी चूक काळाबरोबर हलकी होत जाते. पण फॉर्मवर ‘नाही’ लिहून ती दडवलीत, तर ते खोटं आजचं ठरतं. शिवाय जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा फेडरल गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

सुरुवातीला एवढं सांभाळा:

- प्रश्न शब्दन् शब्द वाचा. ताकीद, निलंबन, शिस्तभंगाची कारवाई हे सगळं मागच्या ७ वर्षांचं विचारतात. ‘मी स्वतःच राजीनामा दिला’ एवढ्यावर भागत नाही. काढणार असं सांगितल्यावर सोडली असेल तर तेही लिहावं लागतं. बरेच जण चुकतात ते इथेच.
- काही लिहायचं राहिलं? तपास अधिकाऱ्याने बोट ठेवण्याआधी स्वतःहून सांगा.
- साहेबावर ढकलू नका.

माझ्याही फॉर्मवर अशी ताकीद होती. महिना, कारण, ‘चूक माझी होती’, आणि नंतर रोज संध्याकाळी तास भरायची लावून घेतलेली सवय. चारच ओळी. मुलाखतीत त्यावर बराच वेळ खोदून विचारलं, पण लिहिलं होतं तेच सांगायचं होतं.

अपील वगैरे आत्ता डोक्यात घेऊ नका. आधी ते ताकीदपत्र शोधून तारीख पक्की करा.