एचआर शिकायला निघालेल्या तुला

प्रिय,

कम्युनिटी कॉलेजात एचआरचा कोर्स घेतलास, बरं केलंस. भरती, प्रशिक्षण, प्रेरणा असे धडे येतील, ते मन लावून वाच. पण बेळगावात उद्यमबागेत किंवा मच्छेला एखाद्या फाउंड्रीत लागल्यावर पहिल्या आठवड्यात समोर येतं ते हजेरीचं रजिस्टर आणि पगारपत्रक. म्हणून पगार आधी कागदावर काढायला शीक, सॉफ्टवेअर नंतर.

समज, मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये, बाकी भत्ते नाहीत. पीएफ १२ टक्के म्हणजे १,८००. ईएसआय, म्हणजे कामगार विम्याची वर्गणी, ०.७५ टक्के म्हणजे ११२.५०, तो पुढच्या रुपयावर नेतात, म्हणून ११३. कर्नाटकात २५,००० च्या आत व्यवसाय कर नाही. हातात १३,०८७.

आता मालकाचा वाटा. तोही १,८००, पण त्यातले १,२५० पेन्शन खात्यात जातात आणि पीएफमध्ये ५५०च. कामगार पासबुक उघडतो, ५५० बघतो आणि कंपनीने पैसे खाल्ले म्हणून तुझ्या टेबलाशी येतो. ही विभागणी त्याला त्याच्या भाषेत, आकडे लिहून दाखवता आली पाहिजे. दोन्ही वाटे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरायचे. उशीर झाला की व्याज आणि दंड मालकावर बसतो.

सगळ्यात जास्त घोळ नावांचा होतो, आपल्या भागात तर फारच. आधारवर ‘यल्लप्पा’, शाळेच्या दाखल्यावर ‘एल्लाप्पा’. चंदगडहून येणाऱ्याच्या कागदावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. इकडच्या कागदावर नुसती आद्याक्षरं. यूएएन (कामगाराचा पीएफचा कायमचा क्रमांक) आणि आधार जुळले नाहीत की पैसे काढायच्या वेळी क्लेम परत येतो, तोही नेमका मुलीच्या लग्नाच्या किंवा आजारपणाच्या वेळी. म्हणून रुजू होतानाच आधार, पॅन, बँक पासबुक शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून घे. आधी कुठं काम केलंय का ते विचार. जुना यूएएन असताना नवा काढलास तर दोन खाती होतात. आणि कुणी काम सोडलं की सोडल्याची तारीख लगेच भर. ती नसली की पुढच्या कंपनीत खातं बदलताना अडतं.

कन्नड शीकच. पगार, रजे, हाजरी हे शब्द तिकडेही ओळखीचे आहेत, पण सरकारी पत्र लिपी न येता कसं वाचणार? रोज अर्धा तास दे. बोलण्यापुरतं कन्नड कामगारांकडूनही येईल, वाचणं मात्र बसूनच शिकावं लागतं.

एक सावधगिरी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. सीनियरच्या जुन्या नोट्समध्ये ग्रॅच्युइटीला (नोकरी सोडताना मालकाकडून मिळणाऱ्या रकमेला) सरसकट पाच वर्षं लिहिलेली असतील. ठरावीक मुदतीच्या कामगाराला आता एका वर्षानंतर हक्क मिळतो. भत्ते एकूण पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले तर वरची रक्कम वेतनातच धरतात. नोट्स वापर, पण प्रत्येक कलम संहितेशी ताडून.

या आठवड्यात एवढं कर: त्याच १५,००० च्या कामगाराची चार दिवसांची बिनपगारी रजा काप. एकदा २६ ने (आठवड्याच्या सुट्ट्या वगळून महिन्याचे दिवस) भागून, एकदा ३० ने. पहिल्यात २,३०८ रुपये कापले जातात, दुसऱ्यात २,०००. तीनशेच्या वर फरक पडतो, आणि महिनाअखेरीला भांडण त्यावरूनच होतं. कंपनी कशाने भागते, ते नेमणूकपत्रात लिहिलेलं असतं का, हे इंटर्नशिपच्या पहिल्याच दिवशी विचार.

तुझ्या कागदाची वाट पाहतो.