इंटरव्ह्यू झाला, मग ग्रीन कार्ड कुठं अडकलं?

प्रश्न : नमस्कार ताई, मी उदगीरहून लिहितेय. माझी मुलगी शिकायला अमेरिकेत गेली आणि तिथंच तिचं लग्न झालं, जावई मराठीच आहेत पण तिकडचे सिटिझन. दोघांचा ग्रीन कार्डचा इंटरव्ह्यू झाला, ऑफिसर नीट बोलले म्हणे, पण शेवटी हातात कागद दिला की निर्णय आज देता येत नाही, नंतर कळवू. दिवाळी गेली, संक्रांत गेली, अजून काहीच नाही. नातेवाईक विचारायलेत रिजेक्ट झालं का. गल्लीतल्या एका मुलाचं कंपनीतर्फे आहे, त्याचंही असंच थांबलंय. आणि मे महिन्यात धाकट्याचं लग्न धरलंय, लेकीला बोलावू का?

उत्तर : ताई, शेवटचं आधी सांगते. अ‍ॅडव्हान्स परोल नावाचा प्रवासाचा परवाना हातात आल्याशिवाय लेकीला अजिबात बोलावू नका, तिकीट तर काढूच नका. ती स्टुडंट व्हिसावर गेलेली, आता आय-४८५ म्हणजे ग्रीन कार्डचा अर्ज चालू असताना परवान्याशिवाय देश सोडला तर तो अर्ज तिनं सोडून दिला असंच धरतात, मग इंटरव्ह्यू कितीही चांगला झालेला असो. वैध एच-१बी किंवा एल-१ या नोकरीच्या व्हिसावाल्यांना यात सूट आहे, पण ती तुमच्या मुलीला नाही. परवाना आय-१३१ फॉर्म भरून मिळतो, आणि तो असला तरी परत आत घ्यायचं की नाही हे एअरपोर्टवरचा ऑफिसरच ठरवतो, म्हणून निघायच्या आधी वकिलाला विचारायचंच. भावाच्या लग्नाला बहीण नसणं किती लागतं मला कळतंय, तरीपण.

आता रिजेक्टचं. तसं झालं असतं तर कारणासकट लेखी नोटीस आली असती. नुसतं थांबलंय म्हणजे फाईल कुठल्यातरी तपासणीत आहे. बोटांचे ठसे आणि नाव एफबीआयकडून तपासून येतात, जुन्या व्हिसाची फाईल दुसऱ्या ऑफिसातून मागवावी लागते, कधी ऑफिसरच्या वरच्या साहेबाची सही राहते, कधी मेडिकल नाहीतर जावयाच्या उत्पन्नाचे कागद कमी पडतात आणि मग आरएफई येते, म्हणजे अजून पुरावे द्या असं पत्र. त्यात दिलेली तारीख चुकवायची नाही, चुकली तर खरंच नाकारू शकतात.

नावाच्या बाबतीत आपल्याकडच्या लेकींची जरा जास्तच पंचाईत होते बघा. दहावीच्या सर्टिफिकेटवर मधे वडलांचं नाव, पासपोर्टवर मधलं नावच नाही, लग्नानंतर मधे नवऱ्याचं नाव आणि आडनाव सासरचं, त्यात स्पेलिंग प्रत्येक कागदावर वेगळं, तिकडच्या कॉम्प्युटरला ती चार बायका वाटते. म्हणून आधी वापरलेली सगळी नावं फॉर्ममध्ये लिहिलीत का हे तिला विचारा. जन्मदाखला लग्गेच्या लग्गे मागितला तर, म्हणून इथं नगरपालिकेतून आत्ताच काढून ठेवा, नोंदच नसेल तर नोंद नसल्याचं प्रमाणपत्र आणि जन्माची माहिती असणाऱ्या मोठ्या माणसांचं अ‍ॅफिडेव्हिट लागतं. एवढं काम इथं बसून तुम्हीच करू शकता.

गल्लीतल्या मुलाशी तुलना करू नका. सिटिझनच्या नवरा-बायकोला कोटा नसतो, कंपनीवाल्यांना असतो, त्यात एका देशाला साधारण ७ टक्क्यांच्या वर जागा मिळत नाहीत आणि भारताची रांग भलतीच लांब. इंटरव्ह्यू होऊनसुद्धा व्हिसा बुलेटिनमधली, म्हणजे कुणाचा नंबर लागला ते सांगणाऱ्या तिकडच्या सरकारी महिनावार पत्रकातली, तारीख मागं सरकली की फाईल तशीच पडून राहते, तिकडच्या नव्या सरकारी वर्षाच्या जागा १ ऑक्टोबरला सुटतात.

घर बदललं असेल तर १० दिवसांत इमिग्रेशन ऑफिसला नवा पत्ता कळवायला लावा, पत्र जुन्या घरी गेलं तर कळायचंही नाही. नेहमीचा वेळ उलटून गेला की ऑनलाइन चौकशी टाकता येते, मग तिथल्या खासदाराच्या ऑफिसातून विचारणा होते, अगदीच हलत नसेल तर निर्णय द्या म्हणून फेडरल कोर्टात मँडॅमसची केस करतात, पण त्याला तिकडचा लायसन्सवाला वकीलच पाहिजे. आपल्याकडं कुणी एजंट 'आतून काम करून देतो' म्हणत पैसे मागत असेल तर एक रुपया देऊ नका.