घरची मांजर अंगणात फिरली तरी कॅमेऱ्याच्या डोअरबेलची सूचना फोनवर येते, काय करावं? (नागपूर)
आधी अ‍ॅपमधल्या मोशन झोनमधून (म्हणजे बेल जिथली हालचाल टिपते त्या भागातून) मांजरीच्या वाटेचा खालचा पट्टा वगळा आणि ‘फक्त माणसं’ हा पर्याय असेल तर तो सुरू करा. सेन्सिटिव्हिटी (किती बारीक हालचाल टिपायची ते) त्यानंतरच, एकेक पायरीने कमी करा. दर वेळी फाटकापासून दारापर्यंत चालून, सूचना येते का ते बघा. बेल खाली झुकलेली नको, नाहीतर पायरीवरची मांजरही चौकटभर दिसते. कंपाउंडच्या भिंतीवरून येणारी मांजर मात्र झोनने थांबत नाही. नागपूरकरांनी एक जपावं: बॅटरीवरच्या बऱ्याच बेलमध्ये पीआयआर सेन्सर असतो. तो अंगाच्या आणि मागच्या भिंतीच्या उष्णतेतला फरक टिपतो. मे महिन्यात भिंत तापली की तो फरकच कमी होतो, आणि सेन्सिटिव्हिटी फार उतरवली असेल तर दारातला माणूसही सुटतो. उन्हाळ्यात भर दुपारी पुन्हा तपासा.