कुशीनगर एक्सप्रेसमधल्या त्या दोन मुली

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गेल्या आठवड्यात भुसावळला गाडीत चढलात. समोरच्या बर्थवर बारा-तेरा वर्षांच्या दोन नेपाळी मुली आणि त्यांचा 'मामा'. काहीतरी खटकलं. पण मुली वेफर्स खात होत्या, खिडकीतून बघून हसत होत्या, म्हणून तुम्ही कल्याणपर्यंत गप्प बसलात. आता विचारताय की काय करायला हवं होतं, आणि सीमेवर त्यांना कुणी अडवलं कसं नाही.

आधी त्या हसण्याबद्दल. मी चौदा वर्षं मुंबईत, तस्करीतून सोडवून आणलेल्या मुलींच्या बालगृहांत समुपदेशनाचं काम केलं. गाडीत रडत आलेली मुलगी मला जवळपास भेटलीच नाही. त्या खुशीत येतात. मुंबई बघायची असते, शिवणकाम मिळणार असतं, पायात नव्या चपला असतात. आणणारा ओळखीचाच असतो: बहिणीचा दीर, मैत्रिणीची मावशी, दसऱ्याला घरी जेवून गेलेला कुणीतरी. रडायची वेळ गाडीतून उतरल्यावर येते. त्यामुळे 'मुलं आनंदात दिसत होती' हा निकष डोक्यातून काढून टाका.

सीमेचं म्हणाल तर तिथे अडवायला फारसं काही नाहीच. १९५० च्या करारापासून भारत-नेपाळ सीमा खुली आहे. साडेसतराशे किलोमीटर लांब, पासपोर्ट नको, व्हिसा नको. उत्तर प्रदेशातल्या सोनौली नाक्याच्या कमानीखालून सायकलरिक्षा, भाजीवाले, नवरदेवाची वरात, सगळं सारखंच जातं. आपल्या बाजूला सशस्त्र सीमा बल असतं. नेपाळच्या बाजूला अनुराधा कोइराला यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या 'माइती नेपाल'च्या बायका उभ्या असतात. माइती म्हणजे आपलं माहेर. त्यांतल्या काही जणी स्वतः या वाटेने जाऊन परत आलेल्या आहेत, त्यामुळे दहा पावलं पुढे चालणारा पुरुष आणि त्याच्याकडे न बघता मागून येणारी मुलगी त्यांना बरोबर दिसते. त्या फक्त दोघांना वेगवेगळं उभं करून तेच प्रश्न विचारतात. कुठे चाललात? कुणाकडे? हा तुझा कोण? उत्तरं जुळली नाहीत की झालं.

हे वेगवेगळं विचारणं फार महत्त्वाचं. एक प्रसंग सांगते. २०१३ मध्ये एक मुलगी आली होती. काहीही विचारा, उत्तर 'उन्नीस', म्हणजे वय एकोणीस. नाव विचारायच्या आधीच उन्नीस. घरवालीने, म्हणजे कुंटणखान्याच्या मालकिणीने, पाठ करून घेतलेलं. जन्मसाल विचारलं तर १९९४, तेही तोंडपाठ. आमच्याकडे नेपाळी बोलणारी एक कार्यकर्ती होती. तिने विषयच बदलला. गावाकडे मकई कधी काढतात, शाळा किती लांब, असं बोलता बोलता तिने नेपाळीत सहज विचारलं, तुझं साल कुठलं गं? मुलगी म्हणाली, २०५६. नेपाळात विक्रम संवत चालतं. त्यातून छप्पन-सत्तावन वजा करा, म्हणजे १९९९-२०००. तेरा वर्षांची पोर. घरवालीने इसवी सन पढवलं होतं, संवत पढवायचं राहून गेलं. नंतर वैद्यकीय तपासणीतही वय त्याच्याच आसपास आलं.

काही जण म्हणतील, कुंटणखान्यांवर धाडी वाढवा. धाडी लागतातच, पण १९९६ आठवा. फेब्रुवारीत मुंबईत मोठी कारवाई झाली आणि शेकडो मुली सोडवल्या गेल्या. त्यांत दोनशेवर नेपाळच्या होत्या. नेपाळ सरकार त्यांना घ्यायला तयार होईना, कारण त्या आपल्याच नागरिक आहेत याचे कागद कुठे आहेत? डोंगरातल्या तेरा वर्षांच्या मुलीकडे कसला कागद असणार! महिनोन्महिने त्या इथल्या गृहांत अडकल्या. शेवटी जुलैमध्ये तिथल्या संस्थांनी पुढे होऊन शंभरावर मुलींना घरी नेलं. त्यांतल्याच काही मुलींनी पुढे 'शक्ती समूह' ही संस्था उभी केली, २०१३ मध्ये तिला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्यातल्या चारिमाया तामाङ यांनी परत गेल्यावर आपल्याला विकणाऱ्यांवर स्वतः खटला भरला आणि त्यांना शिक्षा झाली. ही गोष्ट मी नव्या कार्यकर्त्यांना नेहमी सांगते, कारण आपण सोडवलेल्या मुलींचे आकडे मोजतो, परतीचा हिशोब कुणी ठेवत नाही.

बांगलादेशी मुलींचं दुखणं वेगळं. तिथे सीमा खुली नाही, त्यामुळे सुटका झालेली मुलगीच घुसखोर ठरायची. केंद्रीय गृहखात्याने २०१२ मध्येच कळवलंय की तस्करीची बळी ठरलेल्या परदेशी व्यक्तीवर असा गुन्हा लावू नका. दोन्ही देशांत २०१५ मध्ये तस्करीबाबत करारही झाला. तरी नागरिकत्वाची पडताळणी, गृहचौकशी, प्रवासाचा परवाना हे सगळं होईपर्यंत मुलगी बालगृहात मराठी बोलायला शिकते. मी अतिशयोक्ती करत नाही, माझ्यासमोर एकीने 'ताई, माझी फाईल कुठवर आली?' असं अस्सल मराठीत विचारलंय.

कायदा कडक आहे, त्यात शंका नको. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ प्रमाणे लहान मुलाच्या तस्करीला किमान दहा वर्षं, एकाहून जास्त मुलं असतील तर किमान चौदा. मुलीची संमती होती हा बचाव चालत नाही. आणि एक चांगली सुधारणा: परदेशातून अनैतिक कामासाठी आणण्याच्या जुन्या कलमात फक्त मुली होत्या, नव्या कलम १४१ मध्ये मुलगेही आले. फार उशिरा आले, पण आले. जरीच्या कारखान्यांत आणि सर्कशीत मुलगेही होतेच की. सर्कशीत मुलांना कामाला ठेवायला तर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदीच घातली.

आता तुमचं. त्या माणसाला स्वतः जाब विचारायचा नाही. तो पुढच्या स्टेशनवर मुलींना घेऊन उतरतो आणि सगळं संपतं. मोबाईलवर व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकायचा तर अजिबात नाही, अशा मुलाची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे. बाथरूमच्या बाजूला जाऊन रेल्वेच्या मदत क्रमांकाला, १३९ ला, किंवा मुलांसाठीच्या १०९८ ला फोन करायचा. गाडी, डबा, बर्थ, पुढचं स्टेशन, कपड्यांचा रंग, एवढं पुरतं. पुढच्या स्टेशनवर रेल्वे सुरक्षा दल येतं. मुलांना बाजूला घेऊन बोलायचं काम त्यांचं आणि बाल कल्याण समितीचं. (गंमत म्हणजे नेपाळ आणि बांगलादेशातही मुलांसाठीचा नंबर १०९८ च आहे. करार व्हायला वर्षं लागली, नंबर मात्र एकच आहे.)

'आणि तो खरंच मामा निघाला तर?' हा प्रश्न मला दरवेळी विचारतात. खऱ्या मामाची अर्ध्या तासाची गैरसोय होते, तो चिडतो, चहा पिऊन पुढे जातो. मला दोनदा असे मामा भेटलेत. एकाने मला झापलं. चूक माझी होती, ऐकून घेतलं.

तुम्ही लिहिलंय की आता उशीर झाला. तसं नाही. तुमचं तिकीट अजून तुमच्याकडे असेल. त्यावर तारीख, डबा आणि तुमचा बर्थ आहे, म्हणजे समोरचा कुठला ते कळतंच. त्यांचं आरक्षण कुणाच्या नावावर आणि कुठल्या मोबाईलवरून झालं ते रेल्वेकडे नोंदलेलं असतं. कल्याणला तुमच्याबरोबर उतरले की पुढे कुर्ल्याला गेले, तेही आठवून ठेवा. आज रात्रीच १०९८ ला फोन करा, आणि काय म्हणाले ते इथे लिहा. फोन लागला नाही किंवा टोलवाटोलवी झाली तर मला निरोप पाठवा, लेखी तक्रार कशी द्यायची ते सांगते.