आधी पाठ बघा : जुन्या खेळण्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे डबे खाली उतरले की या सदराकडे पत्रं येऊ लागतात. बहुतेकांना खेळण्याचं नाव हवं असतं. माझं सांगणं असं की नावाच्या मागे नंतर लागा, आधी ते खेळणं उलटं करा. चेहरा सगळेच बघतात. पण ते कशाचं आहे, साचा कसला होता, कुठं बनलं, हे सगळं पाठीवर, तळव्याखाली आणि सांध्यांत असतं. तुमचे प्रश्न याच नजरेनं घेतो.

आईच्या शिवणाच्या डब्यात बटणांबरोबर प्लॅस्टिकचे नखाएवढे प्राणी सापडले. मला पक्कं आठवतंय, हे टूथपेस्टबरोबर यायचे. धाकटा भाऊ म्हणतो, खाऊच्या पुडीतले आहेत. खरं कुणाचं? (शिवाजी पेठ)

टूथपेस्टची आठवण खरी आहे. बिनाका टूथपेस्टच्या खोक्यात असे चिमुकले प्राणी यायचे. रेडिओ सिलोनवरची बिनाका गीतमाला ज्या पेस्टच्या नावानं लागायची, तीच ही पेस्ट. पुढं तिचं नाव सिबाका झालं. कुठला प्राणी निघेल हे खोकं उघडेपर्यंत कळायचं नाही, म्हणून जुनी पेस्ट संपायच्या आत नवीन आणायला लावणारी मुलं घरोघरी होती.

पण भावालाही खोटं पाडू नका. पुढच्या काळात खाऊच्या पुड्यांतूनही प्लॅस्टिकची खेळणी निघायची, आणि तुमच्या डब्यात दोन्ही मिसळलेली असू शकतात. एकेक प्राणी उजेडात धरून कडेवरून नख फिरवा. साच्याच्या दोन भागांमधून बाहेर आलेला पातळ पापुद्रा तसाच राहिला असेल, प्लॅस्टिक हलकं आणि गढूळ दिसत असेल, तर तो स्वस्तातला माल, भावाच्या बाजूचा. कडा साफ, अंग भरीव आणि डोळे-कान नीट उठलेले असतील तर तुमचं पारडं जड. वेगळे करून ठेवा. दोघांचंही बालपण त्यात आहे.

लहानपणीचा एक सैनिक आहे, बोटभर उंच. गुडघे, कोपर सगळं वाकतं. पण परवा हातात घेतला आणि कमरेतून दोन तुकडे झाले. कोणता असेल? जोडता येईल का? (राजारामपुरी)

तुकडे कमरेतूनच झाले, यावरूनच तो ओळखता येतो. हा जी. आय. जो, अमेरिकन खेळण्यांतला सैनिक. हॅस्ब्रो या खेळणी कंपनीनं पावणेचार इंची, म्हणजे साडेनऊ सेंटिमीटरची ही मालिका १९८२ मध्ये अमेरिकेत आणली. आपल्याकडे ती फनस्कूलनं बनवली. एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून १९८७ मध्ये ही कंपनी सुरू केली आणि कारखाना गोव्यात होता. फनस्कूलच्या सैनिकांचे रंग पुष्कळदा अमेरिकन सैनिकांपेक्षा वेगळे असत. त्यामुळे परदेशी चित्रांशी रंग जुळला नाही म्हणून हा नकली आहे असं समजू नका. कमरेच्या मागे किंवा मांडीवर बारीक अक्षरं कोरलेली असतात. बॅटरी तिरकी धरली की ती वाचता येतात.

आता दुरुस्ती. याच्या पोटात एक काळी रबरी रिंग असते. तिचं एक टोक छातीतल्या स्क्रूच्या दांड्याभोवती असतं आणि दुसरं टोक पायांना जोडणाऱ्या धातूच्या आकड्यात. वर्षांनुवर्षं ताणून ती रिंग वाळते आणि तुटते. बाकी सैनिक धडधाकट असतो. पाठीवरचा एकुलता स्क्रू हलक्या हातानं काढा. आपल्या पावसाळ्यात तो गंजलेला असण्याची शक्यता आहे, म्हणून तेलाचा एक थेंब टाकून रात्रभर थांबा. जुन्या रिंगचा तुकडा घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, जा, ओ-रिंग विकणाऱ्या दुकानात त्याच जाडीची शोधा. जाड रिंग घट्ट बसते म्हणून आवडते, पण तिच्या ताणानं दोन पायांमधला प्लॅस्टिकचा तुकडा फुटतो, आणि तो फुटला की मग जोडणं अवघड. बंदूक आता हातात कोंबू नका. जुनं प्लॅस्टिक पहिल्यांदा अंगठ्यापाशी तुटतं.

ही-मॅन या पिळदार योद्ध्याच्या खेळण्याच्या पाठीवर १९८१ लिहिलंय. बाबा म्हणतात, त्यांनी तो बऱ्याच नंतर घेतला. (ताराबाई पार्क)

बाबा बरोबर आहेत. ते साल हक्कनोंदणीचं आहे, बनवल्याचं नाही. मॅटेल या अमेरिकन खेळणी कंपनीनं ही मालिकाच १९८२ मध्ये बाजारात आणली, आणि भारतात ती लिओ मॅटेल या नावानं आली. म्हणून सालाच्या आसपास ‘लिओ’ किंवा ‘इंडिया’ ही अक्षरं शोधा. कंबर फिरवून सोडल्यावर झटक्यात परत येत असेल तर आतली स्प्रिंग शाबूत आहे.

वडिलांच्या लहानपणीचा किल्ल्यावरचा मावळा सापडलाय. नाकाचा रंग गेलाय, ढालीचा टवका उडालाय. किती जुना असेल? यंदा मुलगी किल्ला करणार आहे, रंगवून घेऊ का? (मंगळवार पेठ)

रंगवू नका. ही विनंती समजा.

आता कारण. मावळ्याला उलटा करा आणि आत बघा. तळ उघडा आणि पोटातून पोकळ असेल तर आतल्या बाजूला दाबल्याच्या खुणा दिसतील. कुंभार मातीची पोळी साच्याच्या दोन अर्ध्या भागांत अंगठ्यानं दाबत जातो, मग दोन्ही भाग ओल्या मातीनं जोडतो. बाहेरचा सांधा, कानावरून खांद्यावर आणि तिथून खाली येणारा, तो घासून पुसून टाकतो. आतलं कुणी बघणार नाही म्हणून अंगठ्याचे ठसे तसेच राहतात. तुमच्या मावळ्यात ते असतील तर कुंभार गल्लीतल्या कुणा माणसाच्या हाताची ती खूण आहे. दोन भागांच्या साच्याची ही रीत फार जुनी. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला सापडलेल्या सातवाहनकालीन मातीच्या बाहुल्याही अशाच दोन साच्यांतून काढलेल्या आहेत.

आत ठसे नसून गुळगुळीत असेल किंवा अंग पूर्ण भरीव आणि पांढरं असेल, तर ते प्लास्टर, ओतून केलेलं. टवका उडालेल्या ढालीकडे बघा: लालसर रंग म्हणजे भाजलेली माती, करडा म्हणजे बहुधा कच्ची शाडू, पांढराशुभ्र म्हणजे प्लास्टर. कच्ची माती असेल तर ओलं फडकंसुद्धा लावू नका, ती विरघळेल. कोरडा मऊ ब्रश पुरे.

वय? त्याच टवक्याच्या कडेला भिंग लावून रंगाचे थर बघा. आमच्याकडे घरोघरी दर दिवाळीला मावळे पुन्हा रंगवायची सवय होती, त्यामुळे वरचा चकचकीत ऑइलपेंट नंतरचा आणि खालचा मंद, बोटाला लागणारा रंग पहिला असू शकतो. नेमकं साल रंगावरून निघत नाही; ते वडिलांकडून काढा. कुठल्या घरात राहत असताना किल्ला केला, त्या वर्षी शाळा कोणती होती, असं विचारा. ‘कोणत्या साली’ असं विचारलं तर कुणालाच आठवत नाही. मुलीसाठी नवे मावळे आणा, आणि हा म्हातारा बुरुजावर एक दिवस उभा करून परत आत ठेवा. पाणी शिंपडून हळीव उगवायच्या बाजूला मात्र नको.

आजीची पोकळ, हलकीफूल बाहुली आहे, तळाशी जपानचं नाव. देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात ठेवलीय. प्लॅस्टिकचीच ना? (कागल)

हे वाचल्यावर आधी तिला देव्हाऱ्यापासून लांब न्या. ती सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या धाटणीच्या प्लॅस्टिकची, असण्याची दाट शक्यता आहे. सेल्युलॉइड भयंकर वेगानं पेटतं, आणि शेजारी निरांजन आहे. खात्री करायची तर अंगठ्यानं तिची पाठ गरम होईपर्यंत चोळा आणि वास घ्या. कापराचा वास आला तर सेल्युलॉइडच. ते बनवताना कापूर घालतातच. गरम सुई टोचून बघायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

तळाशी ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असं असेल तर वय बरंच नेमकं ठरतं, कारण जपान १९४५ ते १९५२ दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात होतं आणि तो शिक्का त्याच काळातल्या निर्यातीवर मिळतो. बाहुली बंद डब्यात किंवा पिशवीत कोंडू नका. तिला हवा लागू द्या आणि दुसऱ्या खेळण्यांजवळ ठेवू नका.

आजोबा फौजेत होते. त्यांच्या पेटीत राखाडी, जड शिपाई आहेत, अंगावर पांढरी भुकटी. नातवंडांना देऊ का? (गडहिंग्लज)

देऊ नका. ते शिशाचे असावेत आणि भुकटी शिशाचीच, पोटात जाता कामा नये. हाताळल्यावर हात साबणानं धुवा. ब्रिटनमधल्या विल्यम ब्रिटनच्या कंपनीनं १८९३ पासून आतून पोकळ शिपाई ओतले, साधारण ५४ मिलिमीटरचे; तळाखाली किंवा घोड्याच्या पोटावर नाव शोधा. लाकडी पेटीतून काढून काचेआड ठेवा, लाकडातून सुटणाऱ्या आम्लानं ही भुकटी वाढते.

माझ्याकडे बाहुली नाही, फक्त आठवण आहे. आजोळी लाल-पिवळी लाकडी बाहुली होती, हातभर उंच, हात अंगाला चिकटलेले. कशी शोधू? (इचलकरंजी)

वर्णनावरून ही ठकी वाटते: एकाच लाकडातून कोरलेली, हातपाय सुटे नसलेली. आजोळ कोकणाकडचं असेल तर सावंतवाडीच्या चितारआळीचा विचार आधी करा. एक फरक आठवून बघा. बाहुली खांबासारखी गोल आणि चकचकीत होती का? तसं असेल तर ती चरकावर, म्हणजे लाकूड गोल फिरवून कातायच्या यंत्रावर, फिरवून, घर्षणाच्या उष्णतेनं लाखेचा रंग चढवलेली, कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या धाटणीची. पाठ चपटी असेल तर हातानं कोरलेली. उंची मात्र कमी धरा. हात तेव्हा लहान होता.

मामेभावंडांना एकत्र बसवून विचारू नका, एकाचं ऐकून दुसऱ्यालाही तेच आठवायला लागतं. प्रत्येकाकडून वेगवेगळं चित्र काढून घ्या, अगदी वेडंवाकडं चालेल. ज्या गोष्टी सगळ्यांच्या चित्रांत येतील, तेवढ्याच धरा आणि ती चित्रं मला पाठवा.