पृथ्वी गोलच आहे, पण दाजींचं काय?

*ताई, मी पुण्यात आयटीत आहे. थोरली बहीण कोल्हापुरात दिलेली. दाजी एरवी भला माणूस, पण वर्षभर यूट्यूब बघून बघून पृथ्वी सपाट आहे असं ठासून सांगायला लागलेत आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर रोज एक व्हिडिओ टाकतात. मी प्रत्येकाला पुराव्यानिशी उत्तर देतो. गेल्या महिन्यात रात्री दीडपर्यंत जुंपली. शेवटी मी लिहिलं, "दाजी, सातवीचं भूगोलाचं पुस्तक पाठवू का?" काकांनी त्यावर हसण्याची इमोजी टाकली. तेव्हापासून अक्काचा फोन नाही. भाऊबीज तोंडावर आलीय. त्यात भाचीचा मेसेज आला, "मामा, बाबा खोटं बोलतात का?" खोट्याला खोटं म्हणणं चूक आहे का?*
*– एक मामा*

मामासाहेब,

पृथ्वी गोल आहे. हे आधीच मान्य करून टाकते, म्हणजे मला लिंका पाठवायचे तुमचे कष्ट वाचतील.

तुमच्या आधी याच वादात एक फार मोठा माणूस पोळला होता. आल्फ्रेड रसेल वॉलेस, डार्विनच्या बरोबरीने नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडणारे. १८७० साली जॉन हॅम्पडेन नावाच्या इंग्रज गृहस्थाने जाहीर पैज लावली, की पाण्याला बाक असतो हे दाखवा आणि ५०० पौंड घेऊन जा. वॉलेसना पैशांची चणचण होती, आणि जमीन मोजणीचं काम त्यांनी तरुणपणी केलेलं. त्यांनी भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायेलना विचारलं. लायेल म्हणाले, घ्या की, एकदा डोळ्यांनी दिसलं की असली मंडळी गप्प बसतील.

मग बेडफर्डच्या कालव्याचा सहा मैलांचा सरळ पट्टा निवडला. एका पुलावर दुर्बीण, दुसऱ्या पुलावर खूण आणि मधोमध खांबावर आणखी एक खूण, तिन्ही पाण्यापासून सारख्या उंचीवर. मधली खूण स्पष्ट वर उचललेली दिसली. हॅम्पडेन दुर्बिणीला डोळा लावायलाच तयार होईना. त्याच्या बाजूच्या पंचाने पाहिलं आणि जाहीर केलं की पृथ्वी सपाट असल्याचं सिद्ध झालं! निकाल वॉलेसच्या बाजूने लागला, पैसे मिळाले, आणि खरा ताप तिथून पुढे सुरू झाला. हॅम्पडेन त्यांना चोर, ठग म्हणत गावभर पत्रं पाठवत राहिला. वॉलेसच्या बायकोलाही लिहिलं, तुझ्या नवऱ्याला डोकं फुटलेल्या अवस्थेत घरी आणलं तर कारण तुला कळेलच. तुरुंगात जाऊन आला तरी थांबला नाही. वर पैजेचा व्यवहार कोर्टात टिकत नाही म्हणून ते ५०० पौंडही परत गेले. हा ताप पंधरा वर्षं चालला. आयुष्यातली सगळ्यात खेदाची गोष्ट म्हणून वॉलेसनी आत्मचरित्रात या पैजेची नोंद केली, आणि दोष स्वतःकडे घेतला.

आता तुमच्या ग्रुपकडे या. तुमचे पुरावे चोख असतील, पण ते वाचतंय कोण? मामा, आत्या, काका, म्हणजे दाजींची अख्खी सासरवाडी. भरल्या पंगतीत जावयाचा पाणउतारा केलात तुम्ही. आणि तो दीड वाजताचा वाद चालू होता तेव्हा दाजींच्या शेजारी उशीवर डोकं ठेवून अक्का जागी असणार. दाजींनी उद्या मान्य केलंच, तर त्यांच्या पदरात काय पडणार? तुमचं "बघा, मी म्हणत होतो" आणि काकांची आणखी एक इमोजी. एवढ्यासाठी कोण मत बदलेल?

खोट्याला खोटं जरूर म्हणावं. उद्या दाजींनी मधुमेहाच्या गोळ्या बंद करा असा व्हिडिओ टाकला, तर ग्रुपवर बिनधास्त भांडा, मी तुमच्या बाजूने. सपाट पृथ्वीने आत्याची शुगर वाढत नाही.

तेव्हा भाऊबीजेच्या आधी अक्काला फोन करा, कारणं न सांगता. आणि ग्रुपवर एक ओळ लिहा, "दाजी, पुस्तकाचं मी बोललो ते चुकलं." अपमान ग्रुपवर केलात, तर माफीही तिथेच. तेवढीच ओळ! तिला "पण पृथ्वी मात्र..." असं शेपूट जोडलंत तर सगळं मुसळ केरात.

मला जास्त काळजी भाचीची आहे. तिला लगेच कळवा की बाबा खोटं बोलत नाहीत, त्यांना ते खरंच तसं वाटतं. तुझे बाबा आणि मी वेगळं मानतो, तू स्वतः बघून ठरव. आणि बघायची सोय तुमच्या दोन शहरांनीच करून ठेवलीय. मेच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापुरात शून्य सावलीचा दिवस येतो. त्या दिवशी सूर्य डोक्यावर आला की गच्चीत उभ्या केलेल्या काठीची सावली नाहीशी होईल. त्याच दुपारी तुम्ही पुण्यात एक मीटरची काठी ओळंब्यात उभी करा. तुमची सर्वांत आखूड सावली तीन सेंटिमीटरच्या आसपास भरेल, म्हणजे कोन साधारण १.८ अंश. पुणं कोल्हापूरच्या जवळजवळ सरळ उत्तरेला, सरळ रेषेत सुमारे २०० किलोमीटरवर. १.८ अंशाला २०० किलोमीटर, तर ३६० अंशांना किती? त्रैराशिक तिलाच मांडू द्या. उत्तर ४०,००० किलोमीटरच्या आसपास यायला हवं, आणि पृथ्वीचा परीघ तेवढाच आहे.

दाजी म्हणतील, सूर्यच जवळ आहे म्हणून सावल्या वेगळ्या पडतात. बिनतोड वाटेल, आणि नुसत्या या दोन काठ्यांनी ते खोडताही येणार नाही. तुम्ही मध्ये पडू नका. ग्रहणाचा चष्मा लावून भाचीला सूर्य दुपारी आणि संध्याकाळी बघू दे. जवळचा सूर्य लांब जात असेल तर संध्याकाळी लहान दिसायला हवा. तो तेवढाच दिसतो. पुढचं बाप-लेकी बघून घेतील. कोल्हापुरातली काठी दाजींनाच धरायला सांगा, ते हौसेने धरतील असा माझा अंदाज आहे.

ग्रुप सोडू नका, लगेच "दाजींमुळे सोडला" होईल. म्यूट करा. आणि भाऊबीजेला जेवताना दाजींनी विषय काढलाच, तर रस्सा वाढून घ्या आणि त्यांना कामाधंद्याचं विचारा.

– तुमची ताई